शेवंती का रुसते?

अंगणात, गच्चीवर किंवा गॅलरीतील कुंडीत शेवंती लावण्याची हौस आपल्याकडे अनेकांना असते. परंतु या हौसेबरोबर एक तक्रारही नेहमी ऐकू येते. रोप चांगले तरारते, पाने हिरवीगार असतात, कीड नाही की रोग नाही. पण दसरा जातो, दिवाळी जाते, तरी कळीचा पत्ता नसतो. शेजारच्या घरी त्याच झाडाच्या फुटव्यापासून वाढवलेले रोप मात्र फुलांनी लगडलेले असते. मग कोणी हातगुणाला दोष देते, कोणी मातीला. कोणी आणखी खत घालते. शेवटी ‘हे झाड वांझ आहे’ असे ठरवून ते उपटून टाकले जाते.

वास्तविक अशा वेळी दोष बहुधा मातीचा नसतो आणि झाडाचाही नसतो. शेवंतीला फुलण्यासाठी जी एक गोष्ट अवश्य लागते, तीच आपण नकळत तिच्यापासून हिरावून घेतलेली असते. ती गोष्ट म्हणजे अखंड अंधारी रात्र.

ही गोष्ट माणसाला उमगली ती तंबाखूच्या एका झाडामुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांसमोर ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूचा प्रश्न होता. हे वाण उन्हाळ्यात शेतात भरमसाट वाढे, पण फुलत नसे. तेच हिवाळ्यात काचघरात फुले. खत, पाणी, उष्णता यांपैकी कशानेही या कोड्याचा उलगडा होईना. तेव्हा त्यांनी ऐन उन्हाळ्यात काही झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढली. दिवस असा कृत्रिम रीतीने लहान होताच झाडांना फुले आली. त्यांचा हा शोध १९२० साली प्रसिद्ध झाला. दिवसाच्या लांबीनुसार वनस्पतीने आपला फुलण्याचा काळ ठरवावा, या गुणधर्माला दीप्तिकालिता असे म्हणतात. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या अशा वनस्पतींमध्ये आपली शेवंतीही मोडते.

मात्र ‘लहान दिवस’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी अंगाला चिकटणारी काटेरी फळे येणाऱ्या एका रानटी झाडावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्येच थोडा वेळ अंधार केला तर त्या झाडाला काहीच फरक पडला नाही. परंतु लांब रात्रीच्या मध्ये अगदी थोडा वेळ उजेड पाडला, तर फुले येणे थांबले. म्हणजे झाड मोजते ते दिवस नव्हे, तर रात्र. आणि रात्र मध्येच मोडली तर मोजणी फसते. ही मोजणी ज्याच्या आधारे होते ते पानांतील निळसर रंगद्रव्य १९५९ साली वेगळे ओळखता आले. त्याला फायटोक्रोम हे नाव आहे. तांबड्या प्रकाशाला ते विशेष चटकन प्रतिसाद देते.

पाने रात्र मोजतात, पण कळी तर शेंड्यावर येते! मग निरोप कसा पोहोचतो? रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी यासाठी शेवंतीच निवडली. त्यांनी शेंड्याकडील पाने काढून टाकली, तो भाग लांब दिवसात ठेवला आणि खालच्या पानांना लहान दिवस दिला. झाड फुलले. उलट व्यवस्था केली तेव्हा ते फुलले नाही. पानांत तयार होऊन शेंड्याकडे जाणाऱ्या या निरोप्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. तो पदार्थ एक प्रथिन आहे, हे पुढे २००७ साली अन्य वनस्पतींवरील संशोधनातून स्पष्ट झाले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. पुण्याला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा. फरक अवघा सव्वादोन तासांचा. पण शेवंतीला तो पुरतो. पावसाळ्यात ती अंग धरते आणि भाद्रपद-आश्विनात रात्र वाढू लागली की कळ्या धरते. जातीजातीप्रमाणे हा काळ थोडा पुढेमागे होतो. याच दिवसांत रस्त्यावरचा दिवा, जिन्यातला दिवा किंवा खिडकीतून येणारा प्रखर उजेड रात्री तिच्यावर पडत राहिला, तर तिच्या लेखी अजून ज्येष्ठच सरलेला नसतो! चांदण्याची मात्र तिला अडचण होत नाही. ते फार मंद असते.

यावर उपाय साधा आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून कुंडी रात्री दिव्याचा उजेड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास झाडावर मोठे खोके किंवा जाड काळे कापड घालावे आणि सकाळी सातला काढावे. हवा खेळती राहील एवढी काळजी घ्यावी. कळ्यांवर रंग दिसू लागेपर्यंत हा नेम रोज पाळावा. अधूनमधून खंड पडला तर केलेले कष्ट वाया जातात. दिवसा मात्र झाडाला पाच-सहा तास चांगले ऊन मिळालेच पाहिजे. रात्र काळी हवी म्हणून कुंडी कायमची सावलीत ठेवणे, हा उपाय नव्हे.

दिव्याशिवाय आणखीही कारणे असू शकतात. नत्रयुक्त खत जास्त झाले तर पानेच माजतात. शेंडे खुडल्याने फांद्या वाढतात हे खरे, पण ते काम पावसाळ्याच्या पूर्वार्धातच उरकावे. उशिरा खुडल्यास कळ्याच खुडल्या जातात. पाणी साचू देऊ नये. फुले संपली की झाड जमिनीलगत छाटावे. शेवंती बहुवर्षायू असल्यामुळे बुडाशी पुन्हा फुटवे येतात. माळी त्यांना काश्या म्हणतात. त्याच पुढच्या उन्हाळ्यात वेगळ्या करून लावाव्यात.

हरितगृहात शेवंती पिकवणारे हेच ज्ञान उलट बाजूनेही वापरतात. रोप पुरेसे उंच होईपर्यंत ते मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून कळी थोपवून धरतात. मग दिवे बंद करून, गरजेप्रमाणे काळे आच्छादन घालून, तिला फुलू देतात. म्हणूनच आज बाजारात बारा महिने शेवंती दिसते. त्यांच्या हातचा दिवा हे साधन ठरतो. आपल्या गॅलरीतला तोच दिवा अडथळा ठरतो, कारण तो तिथे आहे याकडे आपले लक्षच गेलेले नसते.

न फुलणाऱ्या झाडाला आपण आणखी काहीतरी द्यायला धावतो. आणखी खत, आणखी पाणी. काही वेळा देण्यापेक्षा काढून घेण्याची गरज असते. तेव्हा शेवंती उपटण्यापूर्वी एकदा रात्री दहा-अकराच्या सुमारास तिच्याजवळ जाऊन उभे राहावे. तिच्या पानांवर हाताची सावली पडत असेल, तर दोष कोणाचा हे वेगळे सांगायला नको.