फज्रची नमाज आणि झोपेचा हिशेब

पहिल्या तासाला एखादा मुलगा जांभया देऊ लागला, की "रात्री जागलास का?" असे आपण सहज विचारतो. मुलगा मुसलमान घरातला असेल, तर आणखी एक शंका मनात येते: पहाटेच्या नमाजसाठी उठतो म्हणून त्याची झोप मोडत असेल काय? शंका रास्त आहे. परंतु "मग नमाज सोड" किंवा "मग पेंगायचे नाही" ही दोन्ही उत्तरे उपयोगाची नाहीत. प्रश्न धर्माचा दिसला, तरी त्याच्या पोटात थोडे खगोलशास्त्र, थोडे शरीरशास्त्र आणि बरेचसे अंकगणित आहे. ते समजून घेऊ या.

पहाट नेमकी केव्हा होते?

फज्र ही दिवसातल्या पाच नमाजांपैकी पहाटेची नमाज. तिची वेळ 'सुबह सादिक' म्हणजे खऱ्या पहाटेपासून सूर्योदयापर्यंत असते. पूर्व क्षितिजावर आडवा पसरत जाणारा उजेड दिसू लागला की खरी पहाट. त्याआधी कधी कधी उभ्या खांबासारखा अंधुक प्रकाश दिसतो. ती 'खोटी पहाट'. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश, असे तिचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

आपल्याकडच्या बहुतेक वेळापत्रकांत सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की फज्रची वेळ सुरू झाली असे मानतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे १८ अंशांना निदान ७२ मिनिटे लागतात. सूर्याचा मार्ग क्षितिजाला तिरपा असल्याने प्रत्यक्षात थोडी अधिक लागतात. मुंबईत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि फज्र ४ वाजून ४० मिनिटांच्या आसपास सुरू होते. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातला, तर फज्र सहाला एक-दोन मिनिटे कमी असताना. नागपुरात हेच सारे २० ते ३० मिनिटे आधी घडते.

आता रात्रीची बाजू पाहा. संध्याकाळचा संधिप्रकाश पूर्ण मावळला की ईशा, म्हणजे रात्रीच्या नमाजची वेळ होते. मुंबईत ती जूनमध्ये साधारण ८:४० ला आणि जानेवारीत ७:३५ ला सुरू होते. ईशापासून फज्रपर्यंतची रात्र जानेवारीत सुमारे १० तास २० मिनिटांची, तर जूनमध्ये जेमतेम ८ तासांची! आपल्या साऱ्या हिशेबाचे मूळ या दोन आकड्यांत आहे. उत्तरेकडे हा फरक आणखी वाढतो. लंडनमध्ये जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम १५ अंश जातो. तेथे १८ अंशांची पहाट त्या दिवसांत होतच नाही, आणि वेळ ठरवायला दुसरे नियम वापरावे लागतात.

झोप कशी येते?

झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेचे जे चित्र मांडले, ते आजही उपयोगी पडते. त्यानुसार झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. पहिली म्हणजे झोपेची ओढ. आपण जितका वेळ जागे राहतो तितकी ती वाढते, आणि झोपलो की उतरते. मेंदूत साठणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या रसायनाचा तिच्याशी संबंध आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या मज्जातंतू एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेच हे घड्याळ. बहुतेकांत त्याचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून त्याला रोज पुन्हा लावावे लागते, आणि ते काम मुख्यतः उजेड करतो. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सारतो, त्यामुळे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड, मग तो दिव्याचा असो की मोबाइलचा, घड्याळाला मागे ओढतो.

झोप एकसारखीही नसते. सुमारे दीड तासाची आवर्तने एकामागून एक चालतात. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात मिळते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. नऊ-साडेनऊला झोपलेल्याची गाढ झोप पहाटेपर्यंत बरीचशी पुरी झालेली असते. बाराला झोपलेल्याला पावणेपाचला उठवले, तर त्याला एकूण पाच तासही मिळालेले नसतात. दोघांना जागे करणारी अजान एकच. थकवा मात्र एकाच्याच वाट्याला येतो.

मोडलेली झोप वाईटच का?

अनेकजण नमाज झाल्यावर पुन्हा झोपतात. अशी दोन तुकड्यांची झोप कमी प्रतीची असते काय? रियाधच्या किंग सौद विद्यापीठातील अहमद बाहम्माम आणि सहकाऱ्यांनी हे तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेचे एकूण तास तेवढेच ठेवले, तर सलग झोप आणि फज्रमुळे दोन भागांत झालेली झोप यांत झोपेच्या रचनेत वा दिवसाच्या पेंगेत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास थोड्याच निरोगी पुरुषांवरचा होता, म्हणून त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. पण एक दिशा दिसते: झोप मोडणे हा मुख्य दोष नसावा, तास कमी पडणे हा असावा.

अवघड वय

नमाजची सवय सातव्या वर्षापासून लावावी, अशी मुस्लिम परंपरा आहे. ती बंधनकारक होते वयात आल्यावर. नेमक्या याच वयात शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते. दहावीतल्या मुलाला रात्री लवकर झोप न येणे हा पुष्कळदा आळस नसतो, वयाचा धर्म असतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली सुचवले आहे. प्रौढांना निदान ७ तास हवेत. म्हणजे घड्याळ उशिराचे, नमाज पहाटेची आणि शाळा सकाळची, अशा तिहेरी कात्रीत हा मुलगा सापडतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला. वरच्या वर्गांना तो लागू नव्हता.

हिशेब कसा मांडावा?

उठण्याची वेळ सूर्य ठरवतो. आपल्या हातात आहे ती झोपण्याची वेळ. ईशाच्या आधी झोपणे आणि ईशानंतर गप्पा मारत बसणे पैगंबरांना आवडत नसे, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे. आजचे शरीरशास्त्रही ईशानंतर जागरण नको असेच म्हणेल.

तरीही जूनमध्ये आठ तासांच्या रात्रीत जेवण, अभ्यास आणि झोप हे सारे बसत नाही. त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, फज्रच्या वेळेची रुंदी. हनफी मतात थोडे उजाडल्यावर नमाज पढणे चांगले मानतात, तर कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे आहेत तीत अंधार असतानाच पढणे पसंत करतात. कोणते अनुसरायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु झोपेच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. दुसरा उपाय दुपारच्या शाळेच्या मुलांसाठी: नमाजनंतर रोज ठरल्या वेळी तासभर झोप. तिसरा सकाळच्या शाळेच्या मुलांसाठी: घरी आल्यावर २० ते ३० मिनिटांची वामकुक्षी. अरबीत तिला 'कैलूला' म्हणतात. दुपारी शरीराची जाग नैसर्गिकपणेच थोडी मंदावते, त्यामुळे ही झोप सहज लागते. मात्र ती तीनच्या आत उरकावी. नाहीतर रात्रीची झोप लांबते.

रविवारी दहापर्यंत लोळून आठवड्याची उधारी फेडू नये. घड्याळ पुन्हा मागे जाते आणि सोमवारची पहाट जड होते. पुरेसे तास मिळूनही मूल महिनोन्‌महिने पेंगत असेल किंवा मोठ्याने घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

वर्गात करून पाहा

मशिदीत किंवा मुस्लिम घरांत नमाजच्या वेळांचा वर्षभराचा तक्ता मिळतो. त्यातून दर पंधरवड्याच्या फज्र, सूर्योदय व ईशा या तीन वेळा घेऊन आलेख काढायला सांगा. रात्र कुठे अरुंद होते ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. त्याच जोडीला सर्व मुलांनी दोन आठवडे झोपेची डायरी ठेवावी: कधी झोपलो, कधी उठलो, कशासाठी उठलो. कुणी नमाजसाठी, कुणी काकड आरतीसाठी, कुणी पेपर टाकायला, तर कुणी पहाटे नळाला पाणी येते म्हणून उठत असेल. कारणे वेगवेगळी निघतील. मग प्रत्येकाच्या तासांची बेरीज करून पाहा आणि पेंग कुणाला येते ते त्या बेरजेशी ताडून बघा.