तांब्याची तार हट्टी का होते?

पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात मोटर रिवाइंडिंगची दुकाने तुम्ही पाहिली असतील. तेथील तांब्याची तार किती सहज वळते! तशी तार विणून कर्णफुलेही करता येतात.

जुन्या वायरचे प्लॅस्टिक सोलून आतली तार काढा. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा समांतर धरा. बारीक तार पहिलीच्या वरून घेऊन फटीतून खाली न्या व दुसरीच्या खालून बाहेर काढा. आता ती दुसरीच्या वरून, पुन्हा फटीतून, पहिलीच्या खालून आणा. इंग्रजी आठचा आकडा झाला! प्रत्येक वेढा नखाने आधीच्या वेढ्याला भिडवा.

वेढा चुकला, तर तार वारंवार उसवू नका. एक तुकडा एकाच जागी मागेपुढे वाकवून पाहा. तो आधी कडक होतो, मग तुटतो. असे का?

तांबे सूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असते. वाकवताना स्फटिकांतील अणूंचे थर सरकतात. सरकण्यातले दोष वाढून एकमेकांत अडकतात आणि थर सरकेनासे होतात. तांबे तापवले की नवे, निर्दोष स्फटिक तयार होतात व धातू पुन्हा मऊ पडतो. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत तापवतात, ते यासाठीच. लाल पोलाद पाण्यात बुडवले तर कठीण होते; तांबे मात्र मऊच राहते!

तापवण्याचा प्रयोग शिक्षकांसमोरच करा. मोटरच्या तारेवर रोगणाचा थर असतो. त्याचा धूर घातक असतो, म्हणून ती तार कधीही तापवू नका.