उसाचे बिल आणि माणसाची मती

उसाला तुरा आला आहे. कारखान्यात नोंद कधीच झाली, पण तोडणीची टोळी अजून शेजारच्या शिवारातच अडकली आहे. सोसायटीचे कर्ज थकले आहे, दुकानदाराच्या वहीतली उधारी फुगत चालली आहे आणि थोरल्या मुलीची फी भरायची राहिली आहे. अशा दिवसांत घरातला कर्ता माणूस कसा वागतो हे आमच्या भगिनींना वेगळे सांगायला नको. बाजारातून चार जिन्नस आणायला सांगितले तर दोनच आणतो. विहिरीवरची मोटार चालू करतो आणि बंद करायची विसरतो. पोराने काही विचारले तर खेकसतो. कुणी कागद पुढे केला की न वाचता सही करून मोकळा होतो. हाच माणूस बिल जमा झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पाहा. पै-पैचा हिशेब तोंडपाठ असतो आणि बोलणेही ताळ्यावर आलेले असते.

मधल्या दिवसांत लोक त्याला नावे ठेवतात. ‘याची अक्कल गहाण पडली आहे,’ असे पारावर म्हटले जाते. ही अक्कल खरोखर गहाण पडते का, आणि पडत असली तर किती, हे कुणी मोजून पाहिले असेल असे तुम्हाला वाटणार नाही. पण ते मोजले गेले आहे, आणि तेही उसाच्याच शेतकऱ्यांवर.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या चार संशोधकांनी तमिळनाडूतल्या विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांत २०१० साली हा अभ्यास केला. ५४ गावांतले ४६४ शेतकरी त्यांनी निवडले. सगळे लहान शेतकरी होते आणि निम्म्याहून अधिक मिळकत उसावर असणारे होते. २०१३ साली हा अभ्यास ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली.

ऊसवालेच का निवडले? कारण तुम्हाला ठाऊकच आहे. भाजीवाल्याला आठवड्याला पैसा दिसतो, दूधवाल्याला दहा-पंधरा दिवसांनी दिसतो. ऊसवाल्याला मात्र वर्षातून एकदा. आपल्याकडची अडसाली लागण तर त्याहूनही जास्त दिवस रानात उभी असते. बिल आले की हात सैल होतो, मग हळूहळू आवळत जातो आणि तोडणीच्या आधीचे काही महिने ओढाताणीचे जातात. म्हणजे एकच माणूस एकाच वर्षात गरीबही असतो आणि बऱ्यापैकी सुस्थितीतही. संशोधकांना हेच हवे होते. श्रीमंताची गरिबाशी तुलना केली तर शिक्षण वेगळे, घर वेगळे, खाणेपिणे वेगळे. इथे तुलना त्याच माणसाची त्याच माणसाशी होती, एकदा तोडणीआधी आणि एकदा तोडणीनंतर.

ओढाताण किती होती तेही त्यांनी विचारून घेतले. तोडणीआधी १०० पैकी ९९ जणांच्या डोक्यावर कर्ज होते, तोडणीनंतर १३ जणांच्या. तोडणीआधी १०० पैकी ७८ जणांची काही ना काही चीजवस्तू गहाण होती, तोडणीनंतर फक्त ४ जणांची. हे आकडे तमिळनाडूचे आहेत, पण ते वाचताना आपल्याच गावातल्या सोनाराचे दुकान डोळ्यांपुढे येईल.

मग परीक्षा काय घेतली? शाळेत होते तशी नव्हे. लिहिता-वाचता येण्याचा तिच्याशी संबंध नव्हता. पहिली परीक्षा आकृत्यांची. कागदावर नक्षीसारख्या आकृत्या ओळीने मांडलेल्या असतात आणि एक जागा मोकळी असते. त्या जागी खालच्यांपैकी कोणती आकृती बसेल ते ओळखायचे. जॉन रेव्हन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने बसवलेली ही पद्धत जगभर वापरतात. दुसरी परीक्षा मोठी गमतीची आहे, घरी मुलांबरोबर करून पाहा. कागदावर ‘५ ५ ५’ असे लिहिले आहे. प्रश्न असा, की आकडे किती आहेत? उत्तर ‘तीन’. पण जिभेवर ‘पाच’ येतो. तो आवरून तीन म्हणायचे आणि तेही झटपट. मनाचा लगाम किती घट्ट आहे ते यातून कळते.

आकृत्यांच्या १० प्रश्नांपैकी तोडणीआधी शेतकऱ्यांची सरासरी ४.३५ उत्तरे बरोबर आली. त्याच शेतकऱ्यांची तोडणीनंतर ५.४५ आली. आकड्यांच्या परीक्षेला आधी सरासरी १४६ सेकंद लागले आणि नंतर १३१, आणि चुकाही कमी झाल्या. एका प्रश्नाचा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण ४.३५ वर १.१० म्हणजे जवळजवळ चौथाई वाढ झाली. तीसुद्धा शिकवणीशिवाय, औषधाशिवाय, केवळ हातात पैसा आल्यामुळे.

इथे तुमच्यापैकी एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की दुसऱ्यांदा परीक्षा दिली म्हणजे सरावाने मार्क वाढणारच. शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनाही आली होती. म्हणून त्यांनी १०० शेतकरी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून बाजूला ठेवले होते. त्यांची परीक्षा पहिल्यांदा घेतली तीच मुळी तोडणीनंतर. त्यांचेही निकाल चांगलेच आले. दुसरी शंका ऋतूची. थंडीत डोके चांगले चालत असेल आणि उन्हाळ्यात मंद होत असेल, तर? तिचे उत्तर कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात सापडले. सगळ्यांचा ऊस एका दिवशी तुटत नाही. कारखाना ठरवील त्याप्रमाणे तोडणी तीन ते पाच महिने चालते. त्यामुळे एकाच आठवड्यात एका शेतकऱ्याचे बिल हातात आलेले असते आणि बांधाला बांध लागून असलेल्या दुसऱ्याचा ऊस उभा असतो. तोडणीची पाळी उशिरा आली म्हणून आपण कारखान्याला चार शब्द सुनावतो. संशोधकांच्या मात्र ती पाळी पथ्यावर पडली.

याचा अर्थ काय लावायचा? पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. विहिरीला पाणी तेवढेच आहे, पंपही तोच आहे. पण दंडाला चार ठिकाणी भगदाडे पडली असतील तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचेल का? मनाचेही तसेच होते. बुद्धी कमी झालेली नसते. ती सोसायटीच्या हप्त्यात, दुकानदाराच्या उधारीत, मुलीच्या फीत झिरपत राहते आणि समोरच्या कामापर्यंत थोडीच पोहोचते. याच संशोधकांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका बाजारपेठेतल्या लोकांना विचारले, की तुमची मोटारगाडी नादुरुस्त झाली आणि १५० डॉलर खर्च आला तर काय कराल? हा विचार डोक्यात सोडून मग परीक्षा घेतली, तर गरीब-श्रीमंत बरोबरीने उतरले. काहींना मात्र खर्चाचा आकडा १,५०० डॉलर सांगितला. त्यांच्यात श्रीमंतांना काही फरक पडला नाही, गरिबांचे उत्तर घसरले. खर्च खरा नव्हताच, नुसता विचार होता!

आजवर शहाणे लोक म्हणत आले, की शेतकरी चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो. या अभ्यासाने ते वाक्य उलटे करून दाखवले. पैशाची चणचणच माणसाकडून चुकीचे निर्णय करवते आणि त्या निर्णयांनी चणचण वाढते.

एवढ्यावरून हे ब्रह्मवाक्य आहे असे मात्र समजू नका. २०१६ साली अमेरिकेतच दुसऱ्या संशोधकांनी कमी पगाराच्या लोकांची पगाराआधी आणि पगारानंतर अशीच परीक्षा घेतली. त्यांना बुद्धीत फरक आढळला नाही. मला यात फारसे आश्चर्य वाटत नाही. पगाराआधीचे चार दिवस आणि उसाआधीचे चार महिने यांची बरोबरी कशी व्हावी? तरीही दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवणे बरे.

ओडिशातला अलीकडचा एक प्रयोग मात्र ऊसवाल्यांच्याच बाजूचा आहे. तिथे पानांच्या पत्रावळ्या लावणाऱ्या मजुरांना नगावर मजुरी होती. सगळ्यांना मिळणारी रक्कम कामाप्रमाणे तीच, फक्त काहींना साचलेली मजुरी मधेच दिली आणि काहींना शेवटी. ज्यांच्या हातात मधे पैसे आले त्यांचे काम त्यानंतर सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. त्यांच्यातल्या जास्त गरिबांचे तर १० टक्क्यांहून अधिक वाढले. आणि घाईने काम बिघडले असेही नाही, उलट लक्ष नसल्यामुळे होणाऱ्या चुका कमी झाल्या.

आता उसाच्या बिलाकडे वळू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावे लागते. बिल थकले की आपण त्या व्याजाचा हिशेब करतो. पण त्या थकलेल्या दिवसांत घराघरांतून किती चुकीच्या सह्या झाल्या, किती जनावरे पडत्या भावात विकली गेली, याचा हिशेब कोणत्या व्याजात बसवायचा?

आपल्या हातात काय आहे, हे केनियातल्या मक्याच्या शेतकऱ्यांकडून शिकता येते. पश्चिम केनियात एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांना दिसले, की खताचा फायदा डोळ्यांनी पाहिलेले जवळजवळ सगळे शेतकरी ‘पुढच्या हंगामात खत घालणार’ म्हणतात, पण प्रत्यक्षात घालणारे निम्म्याहूनही कमी निघतात. आळस म्हणावा तर हे लोक दिवसभर रानात राबणारे. घोटाळा काळवेळेचा होता. पीक विकले तेव्हा पैसा होता, पण खत लागणार होते काही महिन्यांनी. खताची वेळ आली तेव्हा पैसा उडून गेलेला. मग त्यांनी एवढेच केले, की पीक हातात येताच शेतकऱ्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, आत्ता पूर्ण किमतीला पावती घ्या, पेरणीच्या वेळी खत घरपोच देऊ. सवलत फक्त पोहोचवण्याची होती. तरी खत वापरणारे चांगलेच वाढले. पुढे ऐन वेळी अर्ध्या किमतीत खत देऊन जेवढा फरक पडला, तेवढाच या साध्या पावतीने पडला. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ साली डुफ्लो आणि क्रेमर यांना, अभिजित बॅनर्जी यांच्यासह, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा बिल जमा होईल त्याच आठवड्यात पती-पत्नींनी एकत्र बसावे. पुढच्या लागणीचे बेणे, खत आणि मुलांची वर्षाची फी यांची तजवीज त्याच बैठकीत करून टाकावी. खत आणून घरात रचले तर ओल धरते, हे खरे. दुकानदार विश्वासाचा असेल तर पैसे भरून पक्की पावती घ्यावी आणि माल नंतर उचलावा. विश्वासाचा नसेल तर ती रक्कम बँकेत वेगळी बांधून ठेवावी. उलट, जमिनीची खरेदी-विक्री, विहिरीसाठी मोठे कर्ज, मुलीची सोयरीक असे विषय ओढाताणीच्या महिन्यांत शक्यतो काढूच नयेत. काढावेच लागले तर कागद एक रात्र घरात ठेवावा आणि घरधनिणीला वाचून दाखवावा. तिचे डोके त्याच काळजीने पोखरलेले असते हे खरे, पण एकाचे लक्ष चुकले ते दुसऱ्याचे धरते.

आणि एक गोष्ट राहिली. काही माणसांची चिंता बिल आल्यावरही सुटत नाही. झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली, कशातच रस नाही, माणसांत बसणे नको वाटते आणि हे दोन-दोन आठवडे रोज चालू आहे, असे दिसले तर ती नुसती काळजी राहिलेली नाही, तो आजार असू शकतो. आपल्याकडे अशा माणसाला ‘मनाला फार लावून घेतो’ म्हणून सोडून देतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. सुरुवातीला पाहणी केली तेव्हा उदासीनतेचा आजार असलेल्या १०० माणसांमागे जेमतेम ४ जणांनी त्यासाठी कुणाची मदत घेतली होती. मग गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ते घरोघर जाऊन बोलू लागले, ऐकू लागले आणि गरज पडेल त्याला डॉक्टरकडे नेऊ लागले. दीड वर्षाने पाहिले तर १०० मागे २७ जणांपर्यंत मदत पोहोचली होती. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तुमच्या गावात असा उपक्रम नसला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हे सारे मोकळेपणाने सांगता येते. मरणाची भाषा कुणाच्या तोंडी आली, सहज किंवा थट्टेत का होईना, तर त्याला त्या दिवशी एकटे सोडू नका आणि घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही फोन लावता येतो, मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन आजारी माणसानेच लावायला हवा असे नाही, घरातल्या कुणीही लावला तरी चालतो.