चर्चा आणि मतांचे तीव्रीकरण

वादातून तत्त्वबोध होतो, ही श्रद्धा जुनी आहे. दहा जणांनी एकत्र बसून विचार केला म्हणजे मतांची टोके झिजतात आणि निर्णय मध्यावर येऊन स्थिरावतो, असे समित्या नेमणारे सहसा गृहीत धरतात. या गृहीताला पहिला धक्का बसला तो एका अप्रकाशित प्रबंधामुळे.

जेम्स स्टोनर या विद्यार्थ्याने हा प्रबंध १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पदव्युत्तर पदवीसाठी सादर केला. सुरक्षित नोकरी सोडून भरभराटीची आशा असलेल्या परंतु बेभरवशाच्या कंपनीत जावयाचे, तर यशाची संभाव्यता निदान किती असावी, अशा धर्तीचे प्रश्न त्यात होते. प्रत्येकाने प्रथम एकट्याने उत्तर द्यावयाचे, मग गटाने चर्चा करून एकमताने. गटांचे निर्णय व्यक्तींच्या उत्तरांच्या सरासरीहून अधिक धाडसी निघाले. काही काळ अभ्यासक यास ‘साहसाकडे कल’ असे म्हणत. परंतु काही प्रश्नांवर गट उलट अधिक सावध होतात असे आढळल्यावर ते नाव अपुरे पडले.

खरा उलगडा सेर्ज मॉस्कोव्हिसी व मारिसा झाव्हालोनी यांच्या १९६९ मधील निबंधाने केला. फ्रेंच विद्यार्थ्यांचे मत द गॉल यांच्याविषयी मुळात अनुकूल, तर अमेरिकनांविषयी प्रतिकूल होते. चर्चेनंतर अनुकूल मत अधिक अनुकूल झाले, प्रतिकूल मत अधिक प्रतिकूल. गट ज्या बाजूस आधीच झुकलेला असतो, त्याच बाजूस चर्चा त्याला आणखी लोटते. डेव्हिड मायर्स व जॉर्ज बिशप यांनी १९७० मध्ये अमेरिकन शाळांतील विद्यार्थ्यांचे वर्णविषयक पूर्वग्रहानुसार निरनिराळे गट पाडले, तेव्हा चर्चेअंती त्या गटांमधील अंतर वाढलेलेच दिसले.

याची दोन कारणे दिली जातात. समविचारी मंडळींत एकाच बाजूची प्रमाणे अधिक मांडली जातात आणि प्रत्येकाला आपल्या मताच्या पुष्टीस नवी सामग्री मिळते, हे एक. दुसरे प्रतिष्ठेचे: गटात जे मत मानाचे, त्यात इतरांच्या किंचित पुढे असावे अशी प्रत्येकाची इच्छा असते. (सभेत प्रत्येक नवा वक्ता आधीच्याहून एक सूर वर का लावतो, हे ज्याने सभा पाहिल्या आहेत त्यास सांगावयास नको.) प्रयोगात ही दोन कारणे वेगळी करणे कठीण, परंतु दुसरे अधिक चिवट म्हटले पाहिजे, कारण केवळ माहिती पुरवून ते दूर होत नाही.

तथापि चर्चेचा हा परिणाम अटळ नव्हे. जेम्स फिश्किन यांच्या पद्धतीने १९९४ मध्ये मँचेस्टर येथे गुन्हेगारीच्या प्रश्नावर जी लोकचर्चा झाली, तीत नागरिक यदृच्छेने निवडलेले होते, दोन्ही बाजूंची माहिती आधी पुरविलेली होती आणि प्रत्येक गटास संचालक होता. मुख्य म्हणजे एकमत मागितलेच नव्हते. प्रत्येकाचे मत अखेरीस प्रश्नावलीवर स्वतंत्रपणे नोंदविले गेले. व्यवहारात मात्र मंडळाचे सभासद असे निवडले जात नाहीत. माणसे स्वतःच आपले मंडळ शोधतात, आणि ज्यास तेथील सूर मानवत नाही तो बहुधा वाद न घालता निघून जातो. मागे उरलेल्यांची सरासरी त्याच्या जाण्यानेच एका बाजूस सरकते. पुढची चर्चा तेथून सुरू होते.