अडीच हजार आरपीएमवरचा कॅम

टूरिंगच्या हार्लेला कॅम बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो तो ‘हॉर्सपॉवर किती वाढेल?’ हा. माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. इलेक्ट्रा ग्लाइड अल्ट्रासारखी गाडी एकटीच चारशे किलोच्या घरात जाते. त्यावर दोन माणसं, बाजूच्या पेट्या आणि मागे गच्च भरलेला टूर-पॅक. सहाव्या गियरमध्ये ताशी 110 किलोमीटरला हे इंजिन जेमतेम अडीच हजार आरपीएमवर फिरत असतं. कसारा घाटात पुढे कंटेनर आला, गियर न पाडता थ्रॉटल पिळला, तेव्हा इंजिनाकडे जे काही असेल ते याच टापूत असायला हवं. साडेपाच हजारांवर मिळणारी जादा ताकद तिथे उपयोगाची नाही. म्हणून टूरिंगसाठी कॅम निवडायचा तो टॉर्क कुठे येतो, हे पाहून.

कॅमचं काम तसं थोडक्यात सांगता येतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅम एकदा फिरतो आणि त्याच्यावरचे लोब टॅपेट, पुशरॉड, रॉकर या मार्गाने व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उचलायचा, किती वेळ उघडा ठेवायचा आणि नेमका कधी मिटायचा, हे लोबच्या आकारात कोरलेलं असतं. कॅटलॉगमध्ये लिफ्टचा आकडा ठळक छापतात आणि गिऱ्हाइकाची नजरही तिथेच जाते. माझी नजर मात्र आधी इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याच्या आकड्यावर जाते. पिस्टन तळाला पोहोचून परत वर निघाल्यानंतर क्रँक किती अंश फिरल्यावर हा व्हॉल्व्ह मिटतो, ते हा आकडा सांगतो. अमेरिकेतले हार्लेचे कॅम बनवणारे तो बहुधा 0.053 इंच लिफ्टवर मोजून देतात.

इतका वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवायचाच कशाला? कारण वेगाने आत येणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणालाही स्वतःचा जोर असतो. इंजिन चार-पाच हजारांवर असेल तर पिस्टन वर निघाला तरी मिश्रण त्या जोरावर आत घुसत राहतं, सिलिंडर जास्त भरतो आणि वरची ताकद वाढते. दोन-अडीच हजारांवर हा जोर नसतो. व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलतो.

आकड्यांत बघू. 2007 साली टूरिंग गाड्यांत आलेल्या ट्विन कॅम 96 इंजिनाचा स्ट्रोक 111 मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन 9.2 आहे. इनटेक 30 अंशांवर मिटला तर तोवर पिस्टन तळापासून साधारण साडेपाच मिलिमीटर वर आलेला असतो. तोच व्हॉल्व्ह 45 अंशांवर मिटला तर पिस्टन बारा मिलिमीटरच्या पुढे गेलेला असतो, म्हणजे स्ट्रोकचा नववा हिस्सा दाब तयार न करताच संपतो. हिशेब मांडला तर 9.2 चं कॉम्प्रेशन पहिल्या कॅमवर 8.8 च्या आसपास उरतं आणि दुसऱ्यावर 8.3 पर्यंत उतरतं. पिस्टन तोच, हेड तेच, पण घाटात दुसरी गाडी मलूल वाटते. मालकाला वाटतं ट्यूनिंग बिघडलं. खरं तर इंजिनाच्या मानाने कॅम मोठा झालेला असतो.

मूळ कॉम्प्रेशनवर भरल्या गाडीने फिरायचं असेल तर इनटेक साधारण 30 ते 38 अंशांत मिटणारा कॅम घ्यावा. पंचेचाळिशीच्या पुढचा कॅम हवाच असेल तर पातळ हेड गॅस्केट किंवा हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायची तयारी ठेवावी. ती नसेल तर त्या कॅमचा नाद सोडलेला बरा.

कॅमच्या नावातल्या आकड्यांवरून काही ठरवू नये. एस अँड एसच्या 510 आणि 585 या कॅमच्या नावांत लिफ्ट आहे, 0.510 आणि 0.585 इंच. अँड्र्यूजच्या 48एचमधल्या 48 चा लिफ्टशी संबंध नाही. हा कॅम 96 आणि 103 इंजिनांच्या टूरिंगवाल्यांचा आवडता आहे, कारण त्याची लिफ्ट बेताची आहे आणि तो खालच्या टापूत ओढतो. लिफ्ट बेताची म्हणजे मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगवर भागतं. 585 सारखा उंच कॅम घ्यायचा तर आपल्या वर्षाच्या हेडमधल्या स्प्रिंगला तो पेलतो का, हे आधी मोजून घ्यावं लागतं. स्प्रिंग पूर्ण दबून तिचे वेढे एकमेकांना भिडले की पुशरॉड वाकतो किंवा त्याहून मोठं काही तुटतं.

आता ट्विन कॅमबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या गाड्या याच आहेत. 1999 पासूनच्या या इंजिनात नावाप्रमाणे दोन कॅम आहेत, पुढच्या सिलिंडरला एक, मागच्याला एक. दोन्ही चेनने फिरतात आणि चेन ताणून धरायला टेन्शनर असतात. सुरुवातीच्या टूरिंग मॉडेलांत हे टेन्शनर स्प्रिंगचे होते. त्यांची प्लास्टिकची पट्टी चेनवर सतत दाबून झिजते, तिचा भुगा तेलात उतरतो आणि ऑइल पंपापर्यंत पोहोचतो. वेळीच पाहिलं नाही तर इंजिनच जातं. 2007 पासून टूरिंगमध्ये हायड्रॉलिक टेन्शनर आले आणि ही झीज बरीच कमी झाली. तेव्हा 2006 पर्यंतच्या गाडीला कॅम घालताना झाकण उघडलं की आधी त्या पट्ट्या बघायच्या. खाच पडलेली, कडा तुटलेली दिसली तर टेन्शनर बदलल्याशिवाय नवा कॅम बसवू नये. आतली कॅम बेअरिंगं त्याच वेळी बदलावीत. सुटा भाग स्वस्त असतो, तिथवर पोहोचायची मजुरी महाग.

चेनची कटकट नको म्हणून काही जण गियरवर फिरणारे कॅम घालतात. कल्पना चांगली आहे, पण हार्लेचा क्रँक दाबून जोडलेला असतो आणि तो फिरताना थोडा हेलकावतो. हा हेलकावा 0.003 इंचांपेक्षा जास्त असेल तर गियर एकमेकांवर घासतात, ओरडतात. डायल गेज लावून मोजल्याशिवाय गियर ड्राइव्ह घेऊ नये, विक्रेता काहीही म्हणो.

2017 च्या मॉडेलांपासून टूरिंगमध्ये मिलवॉकी-एट इंजिन आलं. त्यात पुन्हा एकच कॅम आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. हेडचा श्वास मुळातच मोकळा असल्याने इथे मध्यम कॅमही चांगला फरक दाखवतो. मोठ्या कॅमचा मोह म्हणूनच अधिक टाळावा.

दुकानदार डायनोचा कागद पुढे करतो तेव्हा शिखरावरचा आकडा हाताने झाका आणि 2,000 ते 3,500 मधली टॉर्कची रेघ बघा. जुन्या कॅमची रेघ त्याच कागदावर, त्याच गाडीची मागा. नवी रेघ तीन हजारांपर्यंत जुन्याच्या खाली असेल तर तो कॅम दुसऱ्या कुणासाठी आहे.

कॅम बदलला की पेट्रोल आणि स्पार्कचा नकाशा बदलावा लागतोच, आणि इथे कायदा येतो. अमेरिकेत हार्लेनेच विकलेल्या ट्यूनरमुळे, म्हणजे हा नकाशा बदलणाऱ्या उपकरणामुळे, उत्सर्जनाचे नियम मोडले जातात म्हणून ऑगस्ट 2016 मधल्या तडजोडीत कंपनीला 1 कोटी 20 लाख डॉलर दंड झाला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. ट्यूनर मागवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी विचारून घ्यावं.

शेवटचा मुद्दा पेट्रोलचा. अमेरिकी लेखांत ‘91 ऑक्टेनवर चालतं’ असं वाचून इथले लोक निर्धास्त होतात. तिकडचा 91 वेगळ्या पद्धतीने मोजतात आणि आपल्या मोजणीत तो साधारण 95 भरतो. आपलं साधं पेट्रोल अनेक वर्षं 91 चं होतं. ई-20 सोबत 95 आलं, पण इथेनॉल वाढल्याने जुना नकाशा पातळ पडतो, तो इथल्या पेट्रोलवरच बसवावा लागतो. आणि इनटेक लवकर मिटणारा कॅम घातला असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून, इंजिन स्टार्टरवर फिरवून दाब मोजून घ्या. 180 पीएसआयच्या आसपास असेल तर ठीक. 200 च्या पुढे गेला तर मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन नॉक मारणार, तेव्हा मेकॅनिकला स्पार्क थोडा मागे घ्यायला त्याच दिवशी सांगा.