पोलादी कापडाची वात : हुन्नर परदेशचा, जोखीम इथली

पोलादाच्या तारेचेही कापड विणतात, आणि तेही आपल्यासारखाच ताणा-बाणा घालून मागावर, ही गोष्ट आपल्या पॉवरलूमवाल्या बांधवांपैकी अनेकांच्या ध्यानात नसते. आपण रीड आणि पिक मोजतो, जाळीवाले ‘मेश’ मोजतात. ४०० मेश म्हणजे एका इंचात ४०० तारा उभ्या आणि ४०० आडव्या. तार सुमारे ०.०३ मिलिमीटरची, माणसाच्या केसाहून बारीक. ५०० मेशची तार त्याहूनही नाजूक असते. औषधांच्या पावडरी चाळायला, तेल गाळायला आणि सर्किटच्या छपाईला हा माल लागतो. धंदा इज्जतीचा आहे.

या जाळीचा आणखी एक उपयोग परदेशात निघाला. विजेवर चालणाऱ्या सिगारेटमध्ये, म्हणजे ज्याला ‘वेप’ म्हणतात त्यात, तिची वात करतात. २०११ ते २०१४ च्या सुमारास युरोप, अमेरिका आणि फिलिपाइन्समधील शौकीन मंडळींत हे काम फार चालले. ‘जेनेसिस’ पद्धतीच्या अॅटमायझरमध्ये खाली द्रवाची टाकी असते आणि वर तारेचे वेटोळे. छिद्रातून टाकीत उतरलेली जाळीची गुंडाळी द्रव वर चढवते, वेटोळे तापते आणि वाफ होते. आपल्या घासलेटच्या स्टोव्हचाच हिशेब समजा. फरक इतकाच की सुती वातीत धागा स्वतः तेल पितो, पोलाद काही पीत नाही. द्रव दोन तारांमधल्या बारीक फटींतून चढतो. म्हणून विणीवर सगळे अवलंबून.

कृती अशी. सुमारे ४५ मिलिमीटर उंच आणि २५ ते ३५ मिलिमीटर रुंद तुकडा कापतात. कापलेल्या कडेला किनार नसल्याने तारा सुटतात, हे कापडवाल्याला सांगायला नको. सुटलेल्या तारा ओढून टाकतात. मग तुकडा गॅसच्या टॉर्चवर लाल होईपर्यंत तापवतात, सुईवर गुंडाळतात आणि पुन्हा दोन-तीन वेळा तापवतात. असे केल्याने पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. हा थरच खरी करामत आहे. पोलाद वीज वाहून नेते, आणि वेटोळे थेट त्याच्यावर गुंडाळायचे असते. मध्ये आड येतो तो फक्त हा थर. वेटोळ्याला कंथाल नावाची लोखंड, क्रोमियम व अॅल्युमिनियमची मिश्र तार घेतात, चार-पाच फेरे देतात.

बिघाड बहुतेक इथेच होतो. सर्वांत वरचा फेरा एकटाच लाल होतो आणि बाकीचे थंड राहतात. कारण उघड आहे : थर कुठेतरी खरवडला गेला, किंवा सुटलेली तार टोचली, आणि वीज वेटोळे सोडून जाळीतून जवळच्या वाटेने निघाली. नवशिका जास्त करंट देतो आणि काम आणखी बिघडवतो. जाणकार करंट अगदी थोडा वेळ देतो, फेरे लहान स्क्रूड्रायव्हरने हलकेच सरकवतो, सगळे फेरे मधल्यापासून सारखे तापेपर्यंत. तरीही जमले नाही तर वात काढून पुन्हा तापवणे भाग आहे. वेटोळे घट्ट आवळले तर थर खरवडतो, सैल ठेवले तर तार वातीला टेकत नाही आणि नुसती जळते.

दुसरी तक्रार कोरड्या, जळक्या झुरक्याची. वात छिद्रात ठासून बसवली की टाकीत हवा शिरत नाही आणि हवा शिरली नाही तर द्रव वर चढत नाही. गुंडाळी फार घट्ट झाली तरी तेच. त्यात ग्लिसरीन जास्त असलेला दाट द्रव असेल तर आणखी अडचण.

रेझिस्टन्स मीटरवर आकडा सारखा हलत असेल तर स्क्रू सैल आहे किंवा शॉर्ट आहे. याला किरकोळ समजू नये. वेटोळे दीड ओहमचे असेल तर पूर्ण चार्ज झालेल्या ४.२ व्होल्टच्या बॅटरीतून २.८ अॅम्पियर जातात, शॉर्टमुळे ०.२ ओहम झाले तर २१ अॅम्पियर. अशी बॅटरी हातात फुटू शकते. शिवाय अशा वाफेत निकेल, क्रोमियमसारखे धातू उतरतात असे तपासण्यांत आढळले आहे आणि निकोटिनची लत ती वेगळीच. पुढे तिथल्याही बऱ्याच शौकिनांनी पोलाद सोडून साधा कापूस धरला. आपल्या कापसाला इथेही मान मिळाला म्हणायचा!

आता आपल्या कामाची गोष्ट. ओळखीच्या एका जाळीवाल्याकडे चौकशी आली : ४०० मेशचे ४५ बाय ३० मिलिमीटरचे तुकडे, हजारांत, भाव चांगला, बिलावर ‘मशीनचे स्पेअर’ लिहा. त्याने नमुना मला दाखवला तेव्हा मी त्याला साफ नाही म्हणायला सांगितले. हिंदुस्थानात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, आणणे, पाठवणे, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळे बंद. आणि कायद्याचे शब्द असे आहेत की वस्तू पूर्ण असो वा तिचा भाग असो. ‘मी फक्त जाळी कापली’ हे उत्तर तिथे पुरेल या भरवशावर कोणी राहू नये. निर्यातीचा माल म्हणूनही सूट नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल गोदामात ठेवून घेतला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जाळीचा ताका विकण्याला कोणी हरकत घेत नाही. पण गिऱ्हाईक तयार तुकडे किंवा गुंडाळ्या मागत असेल, सोबत कंथाल तारेचीही चौकशी करीत असेल आणि काम कशाचे ते सांगत नसेल, तर वापराचे कारण लेखी मागावे. गाळणीवाला आणि छपाईवाला ते दोन मिनिटांत लिहून देतो.