आमच्या डॉजचा संसार

काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीचे निरूपण झाले आणि आज आम्ही एका जुन्या मोटारीविषयी बोलायला उभे आहोत, याचा थोडा संकोच वाटतो. परंतु चिटणिसांचा आग्रह मोडवेना. मोटार 1952 सालची, डॉज किंग्जवे. वडिलांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. त्यांच्यामागे ती आमच्याकडे आली, आणि वागळे इस्टेटीशेजारी आमचे बिऱ्हाड आहे म्हणूनच ती अद्याप चालते.

अमेरिकन गाडी म्हटली की ती बोटीतून जशीच्या तशी उतरली असे लोकांना वाटते. आमची आली कुर्ल्याहून. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जोडणी कुर्ल्यास सुरू केली. नावे निराळी, पण कूळ एकच; किंग्जवे म्हणजे डॉजचे नाव लावलेली प्लिमथच म्हणा ना. मुंबई-पुणे रस्त्यावर एके काळी ज्या लांबलचक टॅक्सी धावत, त्यांत याच कुळातल्या पुष्कळ होत्या. पुढे पेट्रोल महागले तेव्हा कित्येकांनी मूळ इंजिन काढून तेथे डिझेलचे बसवले. म्हणून मूळ इंजिनाची गाडी आज विरळा.

गाडीची लांबी सोळा फूट. पुढे तिघे, मागे तिघे. मुले मोजायची नाहीत. इंजिन साडेतीन लिटरांहून किंचित मोठे, सहा सिलिंडरांचे, आणि व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूला उभे. असले इंजिन धावरे नसते, पण ओढीला भक्कम असते. ते हलक्या पेट्रोलवर चालावे अशा बेताने बनवलेले असल्यामुळे 2000 साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले तेव्हा त्याची तक्रार नव्हती. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाची गोष्ट वेगळी. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या आणि पंपाचा पडदा आम्हाला बदलून घ्यावे लागले. वैशाखात तीन हात नाक्यावर गाडी खोळंबली की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि इंजिन गप्प बसते. मग बॉनेट उघडायचे, पंपावर ओला फडका ठेवायचा आणि मागच्यांचे बोलणे ऐकून घ्यायचे.

चालवण्याची रीतही वेगळी. गिअर स्टिअरिंगखाली, तीनच. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय पडत नाही, बळेच घातला तर दात वाजतात. पायाच्या ब्रेकचे तेल चारी चाकांना एकाच सिलिंडरातून जाते, म्हणजे एक नळी फुटली की चारी चाके मोकळी! हातब्रेक चाकांना धरतच नाही. गिअरबॉक्सच्या मागे एक ड्रम असतो, त्याला धरतो. त्याने उभी गाडी धरावी, धावत्या गाडीत त्याचा भरवसा धरू नये. कसारा घाट उतरताना आम्ही दुसऱ्या गिअरात असतो ते या कारणाने.

आणखी एक खोड. डाव्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात, चाक फिरता फिरता बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून. एका टायरवाल्याला आम्ही हे सांगायला विसरलो. त्याने पान्याला लांब पाइप लावून जोर केला आणि बोल्ट तुटला. असा बोल्ट आता बाजारात कोठे मिळणार?

तो मिळाला वागळे इस्टेटीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले, आणि ही त्याची पहिली वसाहत. तिथल्या एका गाळ्यात आमचे टर्नर आहेत. तुटलेला तुकडा त्यांनी बोटांत फिरवून पाहिला, मायक्रोमीटर लावला आणि लेथवर उलटे आटे पाडून दुसरा बोल्ट काढून दिला. किंगपिनचे पितळी बुश तेच करतात. दोन थाऊ जास्त झाले तर स्टिअरिंग जड, कमी झाले तर चाक डुलते. शेजारच्या गल्लीत बंपरला आधी तांबे, मग निकेल, वर क्रोम चढवून मिळते. गाडी अमेरिकन खरी, पण तिचे निम्मे हाडमांस आता ठाण्याचे आहे.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षे, जुना नंबरही राखता येतो. परंतु मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणावी. रोजच्या वापराला नाही. घरात यावरून दोन पक्ष आहेत. चिरंजीव म्हणतात, नोंदणी करा, जपून ठेवा. आमचे म्हणणे, उभी गाडी जपली जात नाही. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, सिलिंडर आतून गंजतो, रबर आखडते. चालली तरच ती राहील. वाद मिटलेला नाही.

तथापि तो मिटण्याआधी दुसरेच संकट दिसते आहे. इस्टेटीत गाळ्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत आहेत. आमच्या टर्नरांचाही गाळा जायचा आहे, आणि लेथ घ्यायला त्यांच्या मुलांपैकी कोणी तयार नाही. बुश करून घ्यायचे ते गणपतीच्या आत घ्या, असे त्यांनी बजावले आहे. आम्ही दोन जोड सांगितले. त्यांनी वहीत तीन लिहून घेतले.